बोट सोडून घरी जायचं तर कधी, किती दिवस, आणि बोट कुठे ठेवायची

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं: तुम्ही दोघं दोन वर्षं ३८ फुटी बोटीवर राहताय, सध्या मलेशियातल्या लंकावी बेटाला नांगरावर आहात. डिसेंबरात कोल्हापूरला भावाचं लग्न आहे, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन लांबणीवर पडत चाललंय, आणि नोकरीच्या दिवसांत राहून गेलेलं लडाख एकदा बघायचंय. म्हणून डिसेंबर ते मार्च घरी जावं आणि तोवर बोट शेजारच्या ओळखीच्या बोटवाल्यांच्या भरवशावर तिथंच नांगरावर ठेवावी असं चाललंय. आणि शेवटी हळूच विचारलंय की एकदा घरी गेलो की परत यावंसं वाटेल का.

आम्ही नवराबायको अकरा वर्षं बोटीवर आहोत आणि आजवर पाच वेळा बोट मागे ठेवून घरी गेलोय. त्यातल्या दोन सुट्ट्या नीट झाल्या, दोनदा बोटीने आमच्या नावाने शंख केला, आणि एक सुट्टी नव्हतीच, ती धावपळ होती, त्याबद्दल पुढे सांगतो. तेव्हा जे लिहितोय ते बरंचसं चुकांतून आलेलं आहे.

तुम्ही विचारलंय बोट कुठे ठेवू. पण गुंता तिथं नाहीये. गुंता असा की तीन वेगळ्या कामांना तुम्ही एकच सुट्टी लावायला बघताय. लग्नाची तारीख ठरलीय, ती हलणार नाही, पण त्याला दोन-तीन आठवडे पुरतात. गुडघा बदलायचं ऑपरेशन ठरवून करतात, ते कधी करायचं हे बऱ्यापैकी तुमच्या हातात आहे, पण नंतर आईजवळ दोन-तीन महिने कोणीतरी पाहिजेच, नुसतं हॉस्पिटलातून घरी आणलं की झालं असं नसतं. आणि लडाख डिसेंबरात? मनालीकडचा रस्ता बर्फात बंद, विमानाने गेलात तरी लेहमधे नळ गोठलेले. लडाखचे महिने जून ते सप्टेंबर.

आता समुद्राकडून बघा. अंदमान समुद्राच्या त्या बाजूला नोव्हेंबर ते एप्रिल ईशान्येचा वारा, कोरडी हवा, सपाट पाणी, म्हणजे थायलंडचे फांगन्गा, सिमिलान, सगळं करायचे हेच दिवस. मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्येचा पावसाळा. म्हणजे तुमच्या प्लॅनमधे बोट चालवायचे चार महिने बोट रिकामी उभी राहणार आणि मग तुम्ही परत येणार ते ऐन पावसाळ्याच्या तोंडावर. माझं आजोळ वेंगुर्ल्याचं. तिथं पाऊस लागायच्या आत होड्या ओढून वर घ्यायचे, झावळ्यांनी शाकारायचे, आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मग पुन्हा पाण्यात. आताही आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदच असते. समुद्र बंद असतो तेव्हा घरची कामं, जाळी शिवणं, घराची डागडुजी, पाहुणे. आपण फायबरच्या बोटीवर सोलर पॅनल लावून फिरतो म्हणून हे गणित बदलत नाही.

म्हणून मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. डिसेंबरात तुम्ही एकट्या लग्नाला जा, तीन आठवडे, नवरा बोटीवर राहील (सासरच्यांचा एखादा टोमणा बसेल, बसू दे, नाहीतर नवराही पाच दिवसांसाठी येऊन जाईल आणि तेवढ्यापुरती बोट मरिनात, म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या धक्क्यावर, पाण्यातच ठेवेल). जानेवारी ते एप्रिल दोघं मिळून थायलंडची बाजू करा. एप्रिलच्या शेवटी लंकावीला परत, मेमधे बोट पाण्यातून वर काढून यार्डात, म्हणजे बोटी जमिनीवर ठेवायच्या जागेत, उभी करा आणि दोघं घरी. आईचं ऑपरेशन जूनमधे, पावसाळ्यात तसंही त्या कुठे जाणार नसतात. ऑगस्टात त्या काठी टेकत हिंडायला लागल्या की तुम्ही दोन-तीन आठवडे लडाख, मग गणपती घरी, आणि ऑक्टोबरात बोटीवर. समुद्र, गुडघा आणि लडाख तिघांची सोय एकाच पावसाळ्यात होते.

याची किंमत आहे, ती लपवत नाही. तुम्ही लिहिलंय की पुढच्या वर्षी केप टाऊनकडे निघायचं मनात आहे. सुंदाच्या सामुद्रधुनीतून कोकोस, रॉड्रिग्स, मॉरिशस, रियुनियन करत नोव्हेंबरच्या सुमारास दक्षिण आफ्रिकेतलं रिचर्ड्स बे गाठायचं तर तो सगळा प्रवास मे ते ऑक्टोबरमधेच होतो, कारण त्यानंतर दक्षिण हिंदी महासागरात चक्रीवादळांचे दिवस लागतात. म्हणजे यंदाचा पावसाळा घरी काढलात तर केप टाऊन एक वर्ष पुढे. दोन्ही होणार नाही. लोक दोन्ही करायला बघतात, जुलैत घाईघाईने परत येतात, बोट अर्धवट तयार, आणि मग ज्या समुद्रात उशिरा जायचं नसतं तिथं उशिरा जातात. वर्ष गेलं तर जाऊ दे असं माझं स्पष्ट मत, पण पैसे मोजून काढलेत, नोकरीवर परतायची तारीख ठरलीय असं काही असेल तर तुमचं उत्तर वेगळं येऊ शकतं. तसंच आईला आत्ताच उठता-बसता येत नसेल, रात्र रात्र झोप नसेल, तर मान्सून गेला उडत, डिसेंबरातच ऑपरेशन करा आणि सीझन सोडा. हे तुम्हीच ठरवायचं, आणि फोनवर आई सांगेल त्यावर नको, आया कधीच खरं सांगत नाहीत, भावाला किंवा डॉक्टरला विचारा.

आमची धावपळ झाली ती अशी. कॅरिबियनमधे ग्रेनाडाला असताना वडील म्हणत होते एक चक्कर टाक, मी म्हटलं पॅसिफिकला पोचलो की येतो, पुढच्या वर्षी. गॅलापागोस ते मार्केसास साधारण तीन हजार नॉटिकल मैल आहे, आम्हाला २२ दिवस लागले, त्यातल्या बाराव्या दिवशी सॅटेलाइटवर भावाचा दोन ओळींचा मेसेज आला. तिथून मागे फिरता येत नाही, वारा आणि प्रवाह दोन्ही पाठीवर असतात, पुढेच जावं लागतं. पुढचे दहा दिवस आम्ही वॉच, म्हणजे पहाऱ्याच्या पाळ्या, बदलत राहिलो, कोण काय बोललं ते आठवत नाही. मार्केसासमधल्या हिवा ओआ बेटाला पोचलो, आतुओनाजवळच्या खाडीत छोटं यार्ड आहे तिथं हातापाया पडून जागा मिळवली आणि निघालो. घरी पोचलो तेव्हा तेरावंसुद्धा होऊन गेलं होतं. आणि निघायच्या गडबडीत फ्रीजची बॅटरीची जोडणी काढली पण फ्रीज रिकामा केला नाही, आत अर्धा टूना होता. तीन महिन्यांनी परत आलो तेव्हाच्या वासाबद्दल बायको अजून बोलते. तेव्हापासून आमच्याकडे एक वही आहे, ४८ तासांत बोट सोडायची झाली तर काय काय करायचं ते क्रमाने लिहिलेलं, आणि घरचं कोणी आजारी असलं की मोठा पट्टा सुरू करायच्या आधी आम्ही घरी जाऊन येतो. तुम्ही आत्ता विचारताय हे म्हणूनच बरं वाटलं.

आता बोटीकडे. नांगरावर, शेजाऱ्याच्या भरवशावर: नाही. शेजारी चांगले असतील, प्रश्न तो नाही. मलाक्काच्या सामुद्रधुनीत पावसाळ्यात पहाटे पहाटे सुमात्रा येतात, म्हणजे सुमात्राच्या बाजूने ढगांची काळी भिंत येते आणि पाच-दहा मिनिटांत वारा ४० नॉटच्या वर. मी स्वतः एकदा दुसऱ्याच्या बोटीचा असा राखणदार होतो. पहाटे चारला सुमात्रा आला तेव्हा मी माझ्या बोटीवर इंजिन सुरू करून नांगर सांभाळत होतो आणि त्यांची बोट टॉर्चच्या उजेडात मागे मागे सरकताना बघत होतो, करणार काय? नशिबाने चिखलात जाऊन बसली, काही फुटलं नाही, पण मैत्री जरा अवघडलीच. शिवाय तुमच्या इन्शुरन्सच्या कागदात बघा, माणूस नसताना बोट नांगरावर असेल तर बऱ्याच पॉलिसी हात वर करतात. किती दिवसांनी कोणी बघून जायला हवं, वर काढलेली असताना कव्हर आहे का, तेही त्यातच सापडेल. हे ईमेलवर लेखी विचारून घ्या.

मग उरतं मरिनात पाण्यात किंवा यार्डात वर. माझा हिशोब साधा आहे, महिना-दीड महिन्यापर्यंत पाण्यात चालतं, त्याच्यावर गेलं की वर. पाण्यात असली की समुद्राकडे उघडणारं प्रत्येक भोक ही एक काळजी, तळात साचलेलं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाची बॅटरी ही दुसरी, आणि मरिनाच्या विजेला जोडून ठेवलेली बोट असेल तर शेजारच्या बोटीच्या गळक्या करंटमुळे तुमचे झिंक (गंज स्वतःवर घेणारे जस्ताचे तुकडे) किती दिवसांत संपतील ही तिसरी. त्या कोमट पाण्यात तीन महिन्यांत तळाला कालवांचं शेत होतं. (थोड्या दिवसांसाठी पाण्यात ठेवणार असाल तर प्रोपेलरला जाड प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधा, कालवं पिशवीवर बसतात. आणि इंजिनच्या चावीला चिठ्ठी लावा, नाहीतर परत आल्यावर उत्साहात गिअर टाकाल.) लंकावीत रेबाकला यार्ड आणि ट्रॅव्हललिफ्ट (बोट पट्ट्यांवर उचलणारी क्रेन) आहे, खाली लुमुतजवळ पांगकोर मरिनातही वर ठेवायची सोय आहे. रेबाक वेगळं बेट आहे, फेरीने जावं लागतं, त्यामुळे सामान आणणं कटकटीचं, पण भुरट्या चोऱ्यांची भीती कमी.

लंकावी ६ अंश उत्तरेला आहे, चक्रीवादळाची काळजी तिथं फारशी नाही, हे तुमचं नशीब. आम्ही फिजीत बोट ठेवली तेव्हा वुडा मरिनात जमिनीत खणलेल्या खड्ड्यात ठेवली, कील (बोटीच्या तळाखालचा वजनदार पंखा) खड्ड्यात उतरवतात आणि बोटीचं पोट जुन्या टायरांवर टेकतं, म्हणजे वारा आला तरी आडवी व्हायला जागाच नाही. ग्रेनाडाच्या भागाला लोक वादळांच्या पट्ट्याबाहेरचं समजायचे, तिथं २००४ च्या सप्टेंबरात आयव्हन आलं आणि २०२४ च्या १ जुलैला बेरिल, ग्रेनाडाच्याच कॅरियाकू बेटावरच्या मॅन्ग्रोव्हमधे आसऱ्याला बांधलेल्या बोटींचीसुद्धा रास झाली. तेव्हा कधी दुसऱ्या समुद्रात ही वेळ आली तर आधी वादळांचा नकाशा आणि मग यार्डाचे दर.

वर काढली म्हणजे सुटलो असंही नाही. माझी सगळ्यात महागडी चूक कोरड्या जमिनीवरच झाली. यार्डाचं नाव घेत नाही. वरती आंब्याचं मोठं झाड होतं, सावली मिळेल म्हणून मीच ती जागा मागून घेतली होती. पानं गळून कॉकपिटच्या (सुकाणूजवळच्या उघड्या बैठकीच्या) निचऱ्याच्या भोकांत अडकली, पावसाने कॉकपिट टबासारखा भरला आणि पाणी लॉकरच्या झाकणातून आत इंजिनात. यार्डाच्या माणसाला महिन्याचे पैसे देत होतो, तो दर महिन्याला फोटो पाठवायचा, बोट ठणठणीत. परत आल्यावर ते फोटो पुन्हा नीट बघितले तर तिन्ही महिन्यांत कीलखाली तोच तांबडा कुत्रा त्याच पोझमधे झोपलेला. एकाच दिवशी काढलेले फोटो. स्टार्टर मोटर गेली, वायरिंग गेलं, सहा आठवडे तिथंच. आता मी राखणदाराला सांगतो की फोटो नको, व्हिडिओ कॉल कर, शिडी चढून वर जा, बादलीभर पाणी कॉकपिटमधे ओत आणि ते खालून बाहेर पडताना दाखव. जास्तीचे पैसे देतो, आनंदाने देतो.

वर काढलेल्या बोटीचे टेकू एकमेकांना साखळीने बांधलेले पाहिजेत, आणि जमीन मऊ असेल तर टेकूखाली जाड प्लायवूड. हे यार्ड करतं असं गृहीत धरू नका, निघायच्या दिवशी स्वतः वाकून बघा. शिडं सगळी उतरवून आत, ऊन कापड खातं, आणि फर्लरवर (शीड गुंडाळायच्या यंत्रावर) गुंडाळलेलं शीड वादळी वाऱ्यात सुटलं तर बोट टेकूवरून पडायला तेवढं पुरतं. डोलकाठीतले दोर काढून त्यांच्या जागी बारीक सुतळी ओवून ठेवा, दोर गोड्या पाण्यात भिजवून वाळवा, दोन वर्षं जास्त जगतात. वॉटरमेकर (समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र) असेल तर त्याच्या मेम्ब्रेनला सोडियम मेटाबायसल्फाइटचं पाणी भरून ठेवायचं, नाहीतर आत सडतं. टॉयलेटच्या पाइपमधून भरपूर गोडं पाणी. आउटबोर्डचं (छोट्या होडीच्या मागे लावायच्या इंजिनचं) पेट्रोल कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत चालवून संपवा. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरून एका लहान सोलर पॅनलवर रेग्युलेटरसकट सोडा, लिथियम असेल तर साधारण अर्ध्या चार्जवर आणून दोन्ही टोकांच्या वायरी सोडवून ठेवा. टाकीच्या आणि गॅस लॉकरच्या बाहेरच्या भोकांवर जाळी लावा, कुंभारीण माशी आत मातीचं घर करते आणि मग इंजिन का बंद पडतंय ते शोधण्यात दोन दिवस जातात. निघताना जाळी लावली आणि परत आल्यावर काय काय काढायचं हेही त्या वहीत लिहा.

बुरशीबद्दल फार विचारतात. लाकूड आणि गाद्यांचे रेक्झिन व्हिनेगरने पुसा, गाद्या आडव्या न ठेवता उभ्या, सगळी कपाटं आणि फळ्या उघड्या, आणि आत थोडी हवा फिरेल एवढी सोय पण पाऊस येणार नाही अशी. झुरळांना बोरिक पावडर. डाळ-तांदूळ-पीठ काहीही मागे ठेवू नका, वाटून टाका, दोन डबे मोह होऊन ठेवलेत तर परत येईपर्यंत त्यात वस्ती झालेली असते. विजांचा तो भागच आहे, तेव्हा ॲन्टेनाच्या वायरी सोडवा आणि हातातला जीपीएस, व्हीएचएफ रेडिओ ओव्हनमधे ठेवून दार लावा, धातूची पेटी म्हणून जरा संरक्षण.

कागदांचं. तुम्ही लंकावीत समुद्राने आलात, बोटीच्या क्रू लिस्टवर आहात, आणि विमानाने जाणार. तेव्हा निघायच्या आधी हार्बर मास्टर आणि इमिग्रेशनकडे जाऊन बोट इथं राहणार आणि माणसं जाणार हे नीट नोंदवा. परत येताना विमान कंपनी काउंटरवर विचारते की परतीचं तिकीट कुठंय, तुमच्याकडे नसणार कारण तुम्ही बोटीने जाणार. त्यासाठी मरिनाचं लेटरहेडवरचं पत्र आणि बोटीच्या रजिस्ट्रेशनची कॉपी जवळ ठेवा, आम्हाला मुंबईला एकदा पाऊण तास थांबवलं होतं, पत्र दाखवल्यावर सोडलं. डिसेंबर २०२३ पासून इंडियन पासपोर्टवर मलेशियात ३० दिवस व्हिसा लागत नाही, पण ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरावं लागतं, आणि ३० दिवस बोट रंगवून पाण्यात टाकायला कमी पडतात हे धरूनच या. नियम बदलत असतात, तिकीट काढायच्या आठवड्यात पुन्हा बघा.

घरी गेल्यावरचं थोडं. पहिले आठ दिवस बंद फ्लॅटमधे झोप येत नाही, वारा बदलला की जाग येते आणि आपण कुठे आहोत ते कळत नाही. प्रत्येक नातेवाईक विचारतो, मग आता कायमचे आलात ना? एक काका दरवेळी विचारतात बोट कुठे पार्क केली. चिडू नका. दात, डोळे, रक्त तपासून घ्या, वर्षाची औषधं प्रिस्क्रिप्शनसकट घ्या, बँकेचं केवायसी उरका, आणि कॉकपिटचं छत किंवा डिंगीचं (छोट्या होडीचं) कव्हर शिवायचं असेल तर माप घेऊन जा, आपल्याकडचे ताडपत्रीवाले फार सुबक काम करतात, फक्त दोरा यूव्ही टिकणारा तुम्ही नेऊन द्या. कमीत कमी एक महिना मात्र काही ठरवू नका. आम्ही दुसऱ्या सुट्टीत सहा शहरं आणि अकरा घरं केली, बोटीवर परत आलो तेव्हा गेलो होतो त्यापेक्षा जास्त दमलेले.

परत यावंसं वाटेल का, याचं उत्तर मला तुमच्या बाबतीत माहीत नाही. आमच्या ओळखीत दोन जोडपी घरी गेली आणि बोट यार्डातूनच विकली, दोघंही सुखात आहेत. आमच्याकडे असं होतं की तिसऱ्या महिन्यात बायको हवामानाचे नकाशे उघडून बसते, जिथं आपली बोट नाही तिथलेसुद्धा. पण दमलेले असताना, रडत भांडत असताना हा प्रश्न विचारू नका आणि घरी पोचल्या पोचल्याही नको. परतीचं तिकीट ऑक्टोबरच्या सुरुवातीचं बदलता येईल असं काढा, बोट पाण्यात टाकायची तारीख मात्र नोव्हेंबरच्या मध्यावरची घ्या, मधले सहा आठवडे रंग, झिंक, सी-कॉक (तळाच्या भोकांचे व्हॉल्व्ह), झुरळं आणि एकमेकांशी पुन्हा ३८ फुटांत राहायची सवय यातच जातात.

आणि रेबाकला किंवा लुमुतला आजच मेल टाका, बोटीची लांबी, रुंदी, वजन आणि कीलचा फोटो जोडून, ट्रॅव्हललिफ्टचे पट्टे कुठे यायला हवेत ते त्यांना आधी कळलेलं बरं. मेमधे सगळ्यांनाच वर यायचं असतं, जागा भरत जातात.